तुम्ही आधी आवाज ऐकलात

प्रिय रिव्ह्यूअर,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे ठाऊक आहे. माझा कोड तपासून घेतलात म्हणून इंग्रजीत तुमचे आभार मानले, पण दोन ओळींपुढे जाता आलं नाही. मनातलं मनातच राहिलं, म्हणून हे पत्र.

माझा पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, अगदी छोटा. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या नकला होत्या. त्यांतल्या काहींत यूएमसी या कंपनीची चिप असे, आणि तिच्यात आवाजाच्या चौकोनी लहरीच्या 25 आणि 50 टक्के ड्यूटीची (लहर किती वेळ ‘वर’ राहते त्या प्रमाणाची) अदलाबदल झालेली होती. त्यामुळे आमच्या कॅसेटचा आवाज मूळ यंत्राहून निराळा यायचा. तोच आवाज एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, यावा, एवढीच माझी धडपड होती.

तुमच्याआधी तो पॅच मी दुसऱ्या एका प्रकल्पाकडे पाठवला होता. दोन महिने कोणी फिरकलं नाही. मग ‘नकली यंत्रांसाठी कोड घेत नाही’ एवढं एक वाक्य आलं, आणि विषय बंद. सोबत जोडलेल्या रेकॉर्डिंगबद्दल अवाक्षर नाही. नकाराचं दुःख नव्हतं हो. न ऐकता दिलेला नकार लागला. तो अजून लागतो.

तुमच्या उत्तराची पहिली ओळ मला पाठ आहे: ‘रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. तुमचं बरोबर आहे.’

चूक त्यानंतर दाखवलीत, आणि ती माझीच होती. आवाज मिसळण्याच्या चाळीसेक ओळी मी दुसऱ्या एम्युलेटरमधून उचलल्या होत्या. दोन्हीकडे जीपीएल हाच मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना, मग बिघडलं कुठे, असं मला वाटलं. पण तुमचा प्रकल्प त्या परवान्याच्या फक्त आवृत्ती 2 वर आणि त्या ओळी आवृत्ती 3 वर. या दोन्ही एकत्र वाटता येत नाहीत. डॉल्फिन नावाच्या एम्युलेटरवाल्यांना 2015 मध्ये ‘फक्त 2’ वरून ‘2 किंवा पुढची’ करताना आधी कोड लिहिलेल्या लोकांच्या परवानग्या गोळा करत बसावं लागलं, हेही तुम्हीच सांगितलंत. मला चोर न म्हणता सांगितलंत. ‘ती फाइल बंद करा, चिप काय करते ते आपल्या शब्दांत लिहा, मग कोड नव्याने लिहा.’ मी लिहिला. आधीपेक्षा लहान झाला.

स्वतःचा वेळ फुकट देणारी माणसं थकतात, तुसडी होतात, हे मी समजू शकतो. तरीही अनोळखी माणसाचं आधी ऐकून घ्यायचं, हा चांगुलपणा तुम्ही कुठून टिकवलात? कामाच्या ठिकाणी पगार घेऊन रिव्ह्यू करणाऱ्यांतही मी तो क्वचित पाहिलाय.

पॅच मर्ज झाला, म्हणजे प्रकल्पात सामील झाला, त्या संध्याकाळी मी गेम लावला. ताई स्वयंपाकघरात होती. पहिले चार सूर वाजले आणि ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. म्हणाली, “अरे, हा तर आपलाच!”

तुमचा कृतज्ञ,
एक योगदानकर्ता