'सिम्स'मधले रांगते वय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'द सिम्स' या, माणसांचा घरसंसार चालवण्याच्या संगणकीय खेळाचा कोणता भाग सरस, हा जुन्या-नव्या चाहत्यांचा वाद 'पूर्वीचे तेच चांगले' एवढ्यावर निकालात काढला जातो, ते मला पटत नाही. माझी भाची चौथ्या भागाची बाजू घेते. घर बांधणे इतके सोपे पूर्वी कधीच नव्हते, पात्राचा चेहरा हवा तसा ओढून घडवता येतो, आणि ऑक्टोबर २०२२ पासून या भागाचा मूळ खेळ मोफत आहे. सगळे खरे. २००९च्या तिसऱ्या भागात अख्खे गाव फिरायला खुले होते, पण आमच्या संगणकाला ते झेपत नसे, हेही खरे.

माझे दुखणे वेगळे आहे. २००४च्या दुसऱ्या भागात बाळाला आईवडिलांचे नाकडोळे मिळत. त्याला चालायला, बोलायला शिकवावे लागे, शी-शूची सवय लावावी लागे, आणि त्याच्या आठवणी त्याच्यासोबत मोठेपणीही राहत. २०१४मध्ये चौथा भाग आला, तेव्हा पाळण्यातले मूल एकदम शाळकरी होऊन उभे राहिले! रांगते वय परत यायला जानेवारी २०१७ उजाडला. पोहण्याचे तलावही सुरुवातीला नव्हते, त्याचे मला फारसे वाटले नाही. पण माणसाच्या आयुष्यावरच्या खेळातून बालपणच वगळावे?

आपल्या पुरवणीत मोबाइल आणि गाड्यांची परीक्षणे नियमित येतात. संगणकीय खेळांवरही जाणकारांकडून लिहून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, नाशिक