रीमाताईंसारखी सासू परत दिसली नाही

संपादक साहेब,
१८ मे आला की रीमा लागू आठवतातच, २०१७ ला गेल्या, वय फक्त ५८. आमच्या गावात केबल आली तेव्हा 'तू तू मैं मैं' लागलं की धानाच्या रोवण्यावरून थकून आलेल्या बाया पण टीव्हीसमोर बसायच्या, सुप्रिया पिळगावकरांशी भांडणारी ती सासू आपल्याच घरची वाटे कारण तिच्या रागात माया होती. 'वास्तव'मध्ये संजय दत्तची आई झाल्या, खऱ्या वयात एकच वर्षाने मोठ्या, तरी जराही खोटं वाटलं नाही बाप्पा! आताच्या सिरियलमधल्या कट करणाऱ्या सासवा पाहवत नाहीत. रीमाताई मूळच्या रंगभूमीवरच्या, आमच्या झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांनी त्यांच्या नावाने एखादं बक्षीस ठेवावं.
– एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर