रडारवाल्या मालवाहू जहाजांचा विसर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शीतयुद्धकाळातील आरमारांवरचा लेख वाचला. विमानवाहू नौका आणि अणुपाणबुड्यांवर भरभरून लिहिले आहे. मात्र अमेरिकेने जुन्या मालवाहू जहाजांवर रडार चढवून दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो मैल दूर दहा वर्षे पहारा ठेवला, त्याचा साधा उल्लेखही नाही.

सोव्हिएत बॉम्बफेकी विमाने समुद्रावरून आली तर, ही तेव्हाची धास्ती. पृथ्वीच्या गोलाईमुळे किनाऱ्यावरच्या रडारला क्षितिजापलीकडचे दिसत नाही, म्हणून रडारच समुद्रात नेणे भाग होते. 1945 मध्ये ओकिनावाजवळ हे काम विनाशिकांनी केले आणि कामिकाझे म्हणजे जपानी आत्मघाती विमानांच्या हल्ल्यांत जबर मार खाल्ला. शांततेच्या काळात मात्र महागडी, वेगवान विनाशिका एकाच जागी घिरट्या घालत ठेवायची, ही शुद्ध उधळपट्टी. उलट महायुद्धात घाऊक बांधलेली लिबर्टी नावाची मालवाहू जहाजे राखीव ताफ्यात पडून होती. एकूण 2,710 बांधली गेली होती! (मुंबईकरांसाठी जाता जाता: 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झालेले ‘फोर्ट स्टिकिन’ त्यांचे चुलतभावंडच, दोघांचाही मूळ आराखडा ब्रिटिश.)

या लिबर्टी जहाजांतली 16 निवडली. खोक्यात बंद केलेली विमाने वाहण्यासाठी बांधल्यामुळे त्यांची कोठारे ऐसपैस होती. तिथे रडारचे पडदे बघणाऱ्यांची खोली आणि खलाशांची राहण्याची जागा झाली, डेकवर अँटेना उभ्या राहिल्या, जहाज स्थिर राहावे म्हणून पोटात वजन भरले. वाफेचे इंजिन जुनेच, 2,500 अश्वशक्तीचे. वेग जेमतेम 11 नॉट. पण ज्याला कुठे जायचेच नाही, त्याला वेग हवाय कशाला? पोटात भरपूर इंधन घेऊन आठवडेच्या आठवडे जागेवर राहता येणे, हाच खरा गुण. लेखकाने वेग आणि तोफांवरून जहाजांची प्रतवारी लावली आहे, ती मला इथे पटत नाही.

पहिले ‘गार्डियन’ 1955 मध्ये दाखल झाले. अटलांटिकची जहाजे ऱ्होड आयलंडहून, पॅसिफिकची सॅन फ्रान्सिस्कोहून निघत. उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्यात एका जागी पहारा देणे किती जिवावरचे होते, हे याच पहाऱ्यासाठी समुद्रात उभारलेल्या रडार मनोऱ्यांपैकी ‘टेक्सास टॉवर 4’ सांगतो. जानेवारी 1961 मधल्या वादळात तो कोसळला आणि त्यावरची सर्व 28 माणसे गेली.

पुढे भीतीचाच रोख बदलला. 1957 मध्ये सोव्हिएत अग्निबाणाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर बॉम्बफेकी विमानांपेक्षा क्षेपणास्त्रांची चिंता वाढली. 1965 मध्ये ही सगळी जहाजे सेवेतून काढली आणि पुढे भंगारात गेली. बाल्टिमोर आणि सॅन फ्रान्सिस्कोत जपलेली लिबर्टी जहाजे आहेत, पण ती मालवाहू रूपातली.

पुरवणीच्या पुढच्या भागात या 16 जहाजांना अर्धे पान तरी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली