बाबा, पेत्रालाही पाय धुवून घेणं जड गेलं होतं

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात तुम्हा दोघांना सप्रेम सलाम.

आई, हे तू एकटीने वाचून ठेवून देऊ नको, चष्मा लाव आणि बाबांच्या खाटेजवळ बसून मोठ्याने वाच. फोनवर बाबा दोन शब्द बोलतात आणि लगेच फोन तुझ्याकडे देतात, जीभ जड झालीय म्हणून त्यांना संकोच वाटतो हे मला कळतं, म्हणून सगळं टाईप करून पाठवतेय. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घे.

परवा तू बोलता बोलता सांगून गेलीस की बाबा म्हणतात, मी आता नुसता भार झालो, देवाने उचललं तर सगळे सुटतील. आणि कोणी मदतीला आलं की म्हणतात, "माले कोना उपकार नको." ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. बाबा, तुम्हाला उपदेश करायची माझी लायकी नाही, प्रार्थना करायला मी तुमच्याच मांडीवर शिकले, पण ही एक गोष्ट माझ्या आतून जातच नाहीये म्हणून बोलते, रागावू नका.

तुम्ही आयुष्यभर एसटी चालवली. धडगावच्या घाटात पावसाळ्यात, मुक्कामी गाडी घेऊन, मागे पन्नास माणसं डोलत डोलत झोपलेली आणि जागे एकटे तुम्ही. लहानपणी मला त्याचा केवढा अभिमान होता. आणि आता लकव्याने उजवा हात हलत नाही, उजवा पाय हलत नाही, म्हणजे ज्यांच्या जोरावर घर चाललं तेच दोन गेले. सुरतला माझ्याकडे यायचात तेव्हा ह्यांच्या गाडीत पुढे बसलात की वळण आलं की तुमचा पाय खाली ब्रेक शोधायचा, आठवतं? दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असताना तुम्हाला बसताच यायचं नाही. मला वाटतं देवाशीसुद्धा आपलं सगळ्यांचं असंच असतं, तोंडाने म्हणतो प्रभू चालव आणि पाय ब्रेकवर. तुमचा तो पायच आता हलत नाही. हे मी सहज लिहीत नाहीये बाबा, लिहिताना माझे डोळे भरलेत, पण मला वाटतं की तुम्ही ज्याला निरुपयोगी होणं म्हणताय ती जागा तशी नाही.

तुम्हाला बारा शिष्यांमध्ये पेत्र सगळ्यात आवडायचा, तापट पण दिलदार म्हणून. त्याचीच गोष्ट बघा ना. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसला तेव्हा पेत्र काय म्हणाला, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. त्याला वाटलं आपण मान राखतोय. आणि प्रभू त्याला म्हणाला, मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. किती कडक बोलणं आहे! प्रभूसाठी जीव देतो म्हणणारा पेत्र, तलवार काढणारा पेत्र, त्याला सगळं जमत होतं, फक्त गप बसून पाय पुढे करणं जमत नव्हतं. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, तलावाकाठी नाश्ता झाल्यावर प्रभू त्याच पेत्राला सांगतो की तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जायचास, पण म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसराच तुझी कंबर बांधेल आणि नको तिकडे तुला नेईल. योहान लिहितो की हे पेत्राच्या मरणाबद्दल होतं, आणि त्या मरणाने तो देवाचं गौरव करणार होता. आई सकाळी तुम्हाला पायजमा चढवते, नाडी बांधते आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करता, ते मी दिवाळीत बघितलं, तेव्हापासून हे वचन माझ्या डोक्यात आहे. "माझ्यामागे ये" हे प्रभूने पेत्राला त्यानंतर सांगितलं, म्हणजे दुसरा कंबर बांधणार हे सांगून झाल्यावर. त्या अवस्थेतही त्याच्यामागे जाता येतं असाच त्याचा अर्थ मी घेते.

आणि प्रभूचं स्वतःचं काय झालं. धरलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत तो मित्रांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा, म्हणजे त्यालाही सोबत हवी होती. दुःखाचा प्याला टळून जावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. वाटेत क्रूस उचलायला शेतावरून येणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला धरलं. क्रूसावर म्हणाला मला तहान लागली आहे. ज्याने समुद्र केला त्याने लोकांकडे पाणी मागितलं! मग आपण कोण बाबा, की कोणाचा हात घ्यायचा नाही म्हणून हट्ट करावा?

आता जे लोक तुम्हाला भेटायला येऊन काहीबाही बोलून जातात त्यांच्याबद्दल. आई म्हणाली कोणी तरी बोललं की विश्वास कमी पडतोय म्हणून हात उठत नाही, आणि कोणी म्हणालं कुठलं तरी पाप कबूल करायचं राहिलं असेल. मला इतका राग आला की काय सांगू. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून शिष्यांनी हेच विचारलं होतं, याने पाप केलं की याच्या आईबापांनी, आणि प्रभूने सरळ सांगितलं, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. प्रेषित पौलाच्या हातून किती लोक बरे झाले, पण त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनंती करूनही निघाला नाही. तोच पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहितो की बरोबरचा त्रफिम आजारी होता त्याला मी मिलेतात ठेवून आलो. ठेवून आलो! आणि तीमथ्याचं पोट सारखं बिघडायचं तर त्याला सांगितलं थोडा द्राक्षारस घेत जा. यांच्यापैकी कोणाचा विश्वास कमी होता म्हणायचं? देव बरं करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे, चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात लहानपणी तुम्ही मला न्यायचात तेव्हापासून आहे, आणि तुमच्या हातासाठी मी रोज मागते, फिजिओथेरपीही सोडायची नाही. पण बरं झालं तरच देव आपला, असं नाहीये.

माझं तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या वेळी बाळ गेलं तेव्हा मला प्रार्थना करायची इच्छाच राहिली नव्हती, बायबल उघडलं की अक्षरं दिसायची आणि काहीच कळायचं नाही. इथल्या बायका यायच्या, प्रत्येकीकडे एक वचन, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात वगैरे, वचन खरंच आहे पण त्या दिवशी मला ते दगडासारखं लागायचं. आई, तू आलीस आणि काहीच बोलली नाहीस. तू तेलाची बाटली घेतलीस, मला पुढ्यात बसवलंस आणि माझ्या केसांतला गुंता सोडवत बसलीस, एक एक बट हातात धरून, मुळाशी ओढ लागू नये म्हणून वर बोटाने दाबून. किती वेळ गेला माहीत नाही. मुलंबाळं, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप बसले तेवढंच त्यांनी बरोबर केलं, नंतर तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं, शेवटी देवाने त्यांनाच सुनावलं की माझा सेवक ईयोब बोलला तसं योग्य तुम्ही माझ्याविषयी बोलला नाहीत. आणि ईयोब काय बोलला होता तर रडला होता, भांडला होता, जन्मदिवसाला शिव्या दिल्या होत्या! म्हणून बाबा तुम्हाला रडायचं असेल तर रडा, देवाला विचारायचं असेल तर विचारा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडबिजेड काही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

घरात पाळणा अजून हललेला नाही आणि पुढचं मला माहीत नाही. पण त्या दिवसांत मी एक शिकले की मला देवाला धरता येत नव्हतं तेव्हाही त्याने मला धरलेलं होतं, आणि ते मला आईच्या बोटांतून कळलं, ह्यांनी न बोलता केलेल्या चहातून कळलं. आधी माझी प्रार्थना म्हणजे प्रभू मला हे दे आणि ते दे, आता नुसतं प्रभू आजचा दिवस निभाव. पौल करिंथकरांना लिहितो ना की आशिया प्रांतात आमच्यावर एवढं ओझं आलं की जगण्याची आशाच सोडली होती, ते यासाठी की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. पौलासारख्या माणसालाही हे शिकावंच लागलं.

दुःख आलं की माणूस आपोआप देवाजवळ जातो असं मात्र मी म्हणणार नाही, कडू झालेली माणसंही आपण बघितलीत. आई, तू लहानपणी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगायचीस. 1874 मध्ये दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण, मग भाऊ, 1880 मध्ये लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मुलगी. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो टाकलेल्या बायका-मुली सांभाळल्या, आणि म्हातारपणी, कानांनी नीट ऐकू येत नसताना, जिच्या हातात सगळं सोपवायचं ती एकुलती मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. त्यानंतरही रमाबाई सोप्या मराठीतल्या बायबलचं काम करत राहिल्या, 5 एप्रिल 1922 ला गेल्या. लहानपणी मला वाटायचं ही बाई पोलादाची असेल. आता वाटतं की तिच्याजवळ टेकायला स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं, आणि ती टेकली.

बाबा, आई सांगते तुम्ही आता डाव्या हाताने जेवता. पण कळण्याची भाकरी एका हाताने मोडत नाही, ताट सरकतं, म्हणून आई भाकरी कुस्करून रश्श्यात घालून देते आणि तुम्ही अर्ध्यातच नको म्हणता. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, असं आपण रोज म्हणतो. तुम्ही पगार आणायचात तेव्हाही ती देवानेच दिलेली होती, फक्त तेव्हा तुमच्या हातातून यायची आणि आता आईच्या हातातून येते. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, देवाने आकाशातून दिलेलं अन्न, एका दिवसापुरताच मिळायचा, उद्यासाठी झाकून ठेवला की किडे पडायचे. उद्या मी चालेन का, सहा महिन्यांनी काय होईल, आई थकली तर काय, हे सगळं तुम्ही रात्री छताकडे बघत मोजत बसता. नका मोजू. आजचं पोटभर जेवा.

आणि आई, आता तुझी पाळी. तुझा गुडघा सुजलाय हे मला मावशीकडून कळावं का? बाबांना उठवताना तू एकटी जोर लावतेस आणि चर्चच्या मंडळीतल्या बायका विचारतात काही हवंय का तर सगळं ठीक आहे म्हणतेस. तूही पेत्रच आहेस हं. महिला मंडळाच्या दोघी जणी आळीपाळीने सकाळी यायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे, तू त्यांना चहा पाजायच्या नादात उठबस करू नको, त्यांना काम करू दे. फिलिप्पै शहरातल्या मंडळीने पौलाला तुरुंगात मदत पाठवली तेव्हा त्याने ती घेतली आणि देवाला प्रिय असं अर्पण म्हणून तिचं नाव काढलं. आपण नको म्हणतो तेव्हा देणाऱ्याचं अर्पणही अडवतो, हे लक्षात घे.

बाबा, शेवटचं. तुम्ही उपासनेला जाणं का सोडलं हे मला कळलंय. प्रभुभोजनाचा प्याला हातातून सांडला, शर्टावर डाग पडला, पाळकसाहेब तुमच्या ओठाला प्याला लावायला पुढे झाले आणि तुम्ही मान फिरवलीत. तेव्हापासून घरीच. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. मी शनिवारी संध्याकाळच्या गाडीने नंदुरबारला उतरते. रिक्षा सांगून ठेवली आहे, चर्चच्या पायऱ्यांवरून खुर्चीसकट उचलायला तरुण संघाची चार पोरं येणार आहेत, त्यातला एक तुमच्या जुन्या कंडक्टरचा नातू आहे आणि त्याने स्वतःहून विचारलंय. त्यांना उचलू द्या. पाळकसाहेबांना प्याला धरू द्या. तुमच्या शेजारी मी बसेन, सांडलं तर सांडू दे, रुमाल माझ्याकडे असेल.

बीपीची गोळी संपत आली असेल तर आत्ताच फोटो पाठवा, येताना घेऊन येते. पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडली असेल, दुपारी वारा सुटला की मागची खिडकी लावत जा, बाबांना ठसका लागला की त्रास होतो. भरीत वगैरेचा घाट घालू नको आई, मी आल्यावर करेन.

तुमची लेक