‘पर्यंत’ म्हणजे नेमके कधीपर्यंत?

माननीय संपादक,

व्यावसायिक इंग्रजीच्या वर्गांत ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ घोटून घेतात. पत्रात त्यांची अदलाबदल झाली तर फार तर वाचणारा हसतो. पैसे अडकतात ते ‘बाय’ आणि ‘टिल’च्या घोटाळ्यात. मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’ हा एकच शब्द, म्हणून चूक कानाला खटकतच नाही. ‘३१ मार्चपर्यंत माल पाठवा’ इथे ‘बाय’ हवा. ‘३१ मार्चपर्यंत हाच दर राहील’ इथे ‘टिल’. खूण सोपी आहे: ‘पर्यंत’च्या जागी ‘उशिरात उशिरा’ बसले तर ‘बाय’, ‘तोवर चालू’ बसले तर ‘टिल’. ‘डिलिव्हर टिल ३१ मार्च’ वाचून परदेशी खरेदीदाराला वाटते, माल रोज येत राहणार आणि ३१ला थांबणार. ‘दहा दिवसांत’चेही तसेच. ‘विदिन’ म्हणजे दहा दिवसांच्या आत कधीही, ‘इन’ म्हणजे बहुधा दहा दिवस उलटल्यावर.

लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या लेखी हमीवर, माल पाठवणाऱ्यांनी तर यूसीपी ६०० चे कलम ३ टेबलावरच ठेवावे. लेटर ऑफ क्रेडिटसाठीचे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे हे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. शिपमेंटच्या मुदतीत ‘टू’, ‘टिल’, ‘अन्टिल’, ‘फ्रॉम’ असेल तर ती तारीख धरायची. ‘बिफोर’, ‘आफ्टर’ असेल तर सोडायची. ‘बिफोर १० जून’ असताना बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर) १० जूनच शिपमेंटची तारीख पडली, की बँक डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदपत्रांतली विसंगती, काढते. ‘फ्रॉम’ मात्र दुतोंडी आहे. शिपमेंटसाठी तो १० जून धरतो, पण हुंडीची (ठरल्या दिवशी पैसे देण्याच्या लेखी आदेशाची) मुदत मोजताना तोच दिवस वगळतो. ‘सिक्स्टी डेज फ्रॉम १० जून’ची हुंडी ९ ऑगस्टला भरते. शिपमेंट ‘ऑन ऑर अबाउट १० जून’ म्हणजे ५ ते १५ जून, दोन्ही दिवस धरून. ‘प्रॉम्प्ट’ आणि ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’कडे बँक बघतच नाही.

साध्या पर्चेस ऑर्डरला या नियमांचा आधार नसतो. तिथे सरळ ‘ऑन ऑर बिफोर ३१ मार्च’ लिहावे, आणि कोटेशनवर ‘व्हॅलिड अप टू अँड इन्क्लुडिंग ३१ मार्च’. लांबलचक दिसते, पण ३१ तारीख धरायची की नाही हा वाद राहत नाही. महिनाही अक्षरांत लिहावा: आपला ०५/०६ म्हणजे ५ जून, अमेरिकेतल्या खरेदीदाराला तो ६ मे.

आपला,
एक वाचक, नाशिक