पानं मिटायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमचा शेवटचा तास होऊन तीन आठवडे झाले. त्या दिवशी निघताना तुम्ही घाईत होतात, आणि मला बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

तुम्ही आलात तेव्हा आमचा वाद्यवृंद पार अडून बसला होता. चौदा मुलं, नोटेशन वाचण्यात एकापेक्षा एक तयार, पण स्विंग, म्हणजे जॅझची ती झुलती लय, काही केल्या लागेना. एका बीटचे दोन सूर असतील तर पहिला लांब, दुसरा आखूड, दोनास एक, असं मीच त्यांना शिकवलं होतं. हिशेब चुकत नव्हता, पण वाजायचं ते लंगडतच. तुम्ही शांतपणे सगळं ऐकून घेतलंत आणि वाद्यं खाली ठेवायला सांगितलीत. मग नुसत्या टाळ्या, त्याही दुसऱ्या आणि चौथ्या बीटवर. सवयीने हात पहिल्यावरच पडायचा, माझासुद्धा. वीस मिनिटं तेवढंच चाललं. नंतर तुम्ही बेस, ते खर्जातलं तंतुवाद्य, उचललात, प्रत्येक बीटला एक सूर अशी चाल धरलीत, आणि ड्रमवरच्या मुलाचं हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) आपसूक टाळ्यांच्या जागी मिटायला लागलं. लय वाढवत नेलीत तसे ते लांब-आखूड सूर सारखे होत गेले. हे मी वाचलेलं होतं. कानाला त्या दिवशी कळलं.

धून निवडलीत ती ड्यूक एलिंग्टनची ‘सी जॅम ब्लूज’. चार-चार बीटच्या बारा बारचा फेरा, तोच पुन्हा पुन्हा, आणि सूर दोनच, जी आणि सी. पाच मिनिटांत सगळ्यांना पाठ झाली आणि तुम्ही म्हणालात, “आता पानं मिटा.” फेऱ्यात कुठे आहोत ते हरवलं तर घाबरायचं नाही, पाचव्या बारला एफची कॉर्ड, म्हणजे एफवरचा एकत्र वाजणारा सुरांचा गुच्छ, येते तिकडे कान ठेवायचा, ही तुमची खूण मुलं आता एकमेकांना सांगतात.

पियानोवरचा मुलगा दोन्ही हातांनी भरभरून कॉर्ड वाजवायचा. मूळ सूर बेसकडे आहे, तू कॉर्डमधला फक्त तिसरा आणि सातवा सूर घे, असं तुम्ही त्याला सांगितलंत. सी सेव्हनचे ई आणि बी फ्लॅट. एफ सेव्हनला जाताना दोन्ही बोटं अर्धा सूर खाली, बस्स. तो स्वतःच्या बोटांकडे बघतच राहिला. त्या दोन सुरांनी बाकीच्यांना किती जागा मोकळी करून दिली!

आणि क्लॅरिनेटवाली. समोर कागद नसला की तिचा श्वासच अडकायचा. तिला तुम्ही सोलोसाठी एकच सूर दिलात. बारा बार तोच सूर, हवा तेव्हा वाजव, नको तेव्हा थांब. पहिल्या फेरीत तिने तो जेमतेम चारदा वाजवला, पण चौथ्यांदा ड्रमने त्याला उत्तर दिलं आणि ती हसली. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण तिला असं काही देता येईल हे मला सुचलं नव्हतं. त्यासाठी तुमचे आभार कसे मानू?

परवा तिने आपणहून दोन फेऱ्या मागितल्या. दुसरीत तर सलग दोन बार गप्प राहिली, आणि मागे कुणीही ती जागा भरायची घाई केली नाही.

पुढच्या शनिवारी हाच ब्लूज एफच्या पट्टीत घेणार आहोत. वेळ मिळाला तर नक्की या. बेसची जागा मोकळी ठेवली आहे.

तुमचा,
वाद्यवृंदाचा शिक्षक