भाभींचा डबा घ्या ना बाबा

प्रिय आई आणि बाबा,
जय ख्रिस्त.

काल शेजारच्या भाभींचा फोन आला होता. तक्रार करत नव्हत्या, फक्त विचारत होत्या की काकांना आमच्या हातचं चालत नाही का, कारण आईच्या हाताला प्लास्टर घातल्यापासून त्या डबा पाठवतात आणि तो "आमचं झालंय जेवण" म्हणून दारातूनच परत येतो. बाबा, मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ईदचा शीरखुर्मा आपल्याकडे येतो, नाताळच्या करंज्या त्यांच्याकडे जातात, मग आताच नको म्हटलं तर त्यांनी काय समजायचं?

कारण मला माहितीये. 72 च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची, तुम्ही मदतीच्या खाऊच्या, म्हणजे सुकडीच्या रांगेत उभे राहायचात आणि घरी त्या बाहेरून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, हे तुम्ही एकदाच सांगितलंय पण मी विसरले नाही. पुन्हा कुणापुढे हात पसरायचा नाही हे तेव्हाच ठरलं असणार. आणि तुम्ही तसंच जगलात पण. गल्लीत कुणाकडे मयत झालं की पहिला चहा आपल्या घरून जायचा, रविवारी उपासनेनंतर कुणीतरी जेवायला असायचंच, बहुतेक वेळा एकटा पडलेला एखादा माणूस, आणि आई काही न विचारता दोन भाकरी जास्तीच्या थापायची. ख्रिस्ती म्हणून कसं वागायचं ते मी तिथंच बघितलं.

पण बाबा, आज बायबलमधला योहानाचा 13 वा अध्याय परत वाचा. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसला तर पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. त्याला वाटलं आपण मान राखतोय, आणि प्रभूने सरळ सांगितलं की धुऊ दिले नाहीस तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. प्रभूने स्वतः किती जणांकडून घेतलं बघा ना. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं, जिच्या लोकांशी यहुदी संबंधच ठेवायचे नाहीत. बेथानीत मार्थेच्या घरी पाहुणचार घेतला. लूकच्या 8 व्या अध्यायात योहान्ना, सुसान्ना आणि अजून बऱ्याच बायका आहेत, स्वतःच्या पैशातून त्याची आणि शिष्यांची सोय बघणाऱ्या. त्याला यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा? आपणच कायम देत राहिलो तर समोरच्याला आपल्यावर माया करायला जागाच राहत नाही. भाभींना ती करायचीये, आणि तुम्ही दार लावून घेताय.

आई, तू पण एका हाताने पीठ मळायला बसू नकोस गं. महिला मंडळातल्या मावशी झाडून-पुसून देते म्हणतायत तर देऊ दे, भांडी तुझ्यासारखी लख्ख निघाली नाहीत तरी चालेल.

बाबा, भाभींशी तुम्हीच बोला, आईला पुढे करू नका. तिखट कमी घाला म्हणून पण सांगा, तुमच्या ॲसिडिटीचं त्यांना माहीत नाहीये. पेन्शनच्या कामाला त्यांचा मुलगा गाडीवर बँकेत सोडतो म्हणालाय, त्याच्याबरोबर जा, रिक्षासाठी उन्हात उभे राहू नका. मी शनिवारी सकाळच्या एसटीने नगरला येतेय, आईच्या औषधांची चिठ्ठी फोटो काढून पाठवा म्हणजे इथूनच घेऊन येते.

तुमची लेक